वगळून

कागदावरच्या घराला उतरतं कौल आहे, पुढे हिरवळ.
आमच्या विडी घरकुलात पुढे पाण्याचा वॉल्व्ह,
आणि उद्या पाचवा दिवस म्हणून
आजच ओळीनं मांडलेल्या घागरी.

वर्षाला सात हजार चारशे.
गिझर, मोटार, नळ, वायरिंग, फ्रिज, फिल्टर,
काहीही बिघडू दे, एक फोन करायचा, माणूस दारात.
"निश्चिंत राहा काका," पोरगा म्हणाला,
सोलापूरच्या मे महिन्यात टाय लावून आलेला.
आधी पाणी दिलं त्याला. मग शेंगा.
पुण्याहून श्रीलतानं धाडलंय त्याला, हे तो बोलला नाही,
मीही विचारलं नाही.

भूदेवी म्हणाली, सही थांबवा, चष्मा आणते.
तीस वर्षं विड्या वळल्यात तिनं.
हजारातल्या किती छाट म्हणून बाजूला फेकतात
ते बघून बघून तिची नजर बारीक झालेली.
ती थेट शेवटच्या पानावर गेली, मोठ्यानं वाचू लागली:

क्षारयुक्त पाण्यामुळे झालेला बिघाड वगळून.
विजेच्या चढउतारामुळे झालेला बिघाड वगळून.
अति तापमान, धूळ, उंदीर वगळून.
योजनेपूर्वीचा दोष वगळून.

थांबली. चष्मा काढला.
"म्हणजे सोलापूर वगळून."

मी कॅलेंडरच्या पाठीवर गेल्या वर्षाचा हिशेब मांडला.
गिझरची कॉइल, चुन्यानं बोटभर जाड झालेली, साडेसहाशे.
मोटारीचं रिवाइंडिंग अठराशे.
फिल्टरची मेम्ब्रेन सोळाशे, ती तर दर दिवाळीला.
वॉशर, टेप, किरकोळ दोनशे दहा.
चार हजार दोनशे साठ.
मजुरी धरली नाही, ती माझीच होती.

मी जॉबर.
छत्तीस वर्षं दुसऱ्यांचे माग चालते ठेवले.
धोटा उडाला, पट्टा तुटला, की रात्री दोनला सायकलवर निघायचो.
माझी हमी एवढीच, "परत बंद पडला तर बोलवा."
त्यावर शिक्का नसायचा.

आता मात्र स्क्रूची एक खाच दोन दिसते.
स्टुलावर चढायचं म्हटलं की गुडघा आधी नाही म्हणतो.
जानेवारीत अकरा दिवस गिझर बंद होता,
श्रीलताला सांगितलं, गार पाण्यानं तब्येत चांगली राहते.
तिनं ऐकून घेतलं.

"येणार कोण?" मी विचारलं.
पोरानं मोबाईल चाळला.
"तुमच्या भागाला रियाज बागवान आहेत."

रियाज!
पंधराव्या वर्षी माझ्या हाताखाली आला.
पान्यांचे नंबर मी शिकवले त्याला,
आणि हात मशीनमध्ये घालण्याआधी मेन स्विच बघायचा, तेही,
एका थोबाडीत.
आजही फोन केला तर तासाभरात येईल
आणि पैसे घेणार नाही.
म्हणून तर करत नाही.

"कंपनी काय देते त्याला, एका फेरीचे?"
पोरगा घुटमळला. मग शेंगेचं टरफल मोडत म्हणाला, अडीचशे.

मी पुन्हा पेन उचललं.
भूदेवीला कळलं मी काय लिहिणार ते.
"त्याच्या हातावर अडीचशे ठेवायला
सात हजारांचा वळसा?"
घेत नाही गं तो.
"तुम्ही मास्तर म्हणून देता.
एकदा गिऱ्हाईक होऊन द्या."

पोरगा फॉर्म ठेवून गेला. एकतीस तारखेपर्यंत सवलत आहे.
रात्री साडेतीनला पाणी आलं, मोटार लावली,
अंधारात कान देऊन उभा राहिलो.
बेअरिंग घरघरतंय. महिना काढेल, फार तर दीड.
योजनेपूर्वीचा दोष.

सकाळी फोन लावला.
"किती घेशील ते आधी सांग, मग ये."
पलीकडे रियाज काही बोलेना.
कुठल्यातरी शेडमधल्या मागांची खडखड
तेवढी ऐकू येत राहिली.